अर्धं देवाचं, अर्धं डॉक्टरचं

जवळ ये गो जरा. तू तिकडे पनवेलला आणि मी इकडे रत्नागिरीच्या कोपऱ्यात, तर जवळ येणार कशी म्हणा. पण वाचताना तरी नीट मांडी घालून बस, आणि तो फोन उलटा करून ठेव. परवा त्या फोनवर जे केलंस ते काही बरं केलं नाहीस. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, खांद्याने कानाशी फोन दाबून धरलेला, आणि तू विचारतेस, "आई, मला लहानपणी फिट यायची का? हो की नाही एवढंच सांग, डॉक्टर थांबलेत." असं विचारतात का कोणी आईला? भाजी आणायची का विचारतात तसं?

मी आधी "हो" म्हटलं. मग "नाही, म्हणजे तशी नाही" म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली आणि तू चिडलीस. "आई, आईला माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार?" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

आता तुझंही काही चूक नाही. तुझं पोर तापलेलं, त्याचे हातपाय ताठ झालेले, डोळे वर गेलेले तू आपल्या डोळ्यांनी बघितलंस. ते थांबलं, पोर झोपलं, पण तुझी भीती थांबली नसणार. मला ठाऊक आहे ते. संध्याकाळी पुन्हा फोन केलास तेव्हा आवाज खाली आला होता तुझा, आणि बोलता बोलता मी तुझ्या रोजच्या गोळीचं सांगून गेले. म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात घाबरू नका, तापातली आहे, याला रोजची गोळी लागत नाही. मग आई, तू म्हणतेस मला रोज गोळी होती. मला का होती?"

त्याचं उत्तर मला देता आलं नाही. अजून येत नाही. पण जे झालं ते झालं तसं सांगते, तूच बघ त्यातून काही हाती लागतं का.

ते आंब्याचे दिवस होते. तू अडीच वर्षांची असशील. तुझे बाबा मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे तेवढेच. घरात मी, तू आणि तुझी आजी. आंब्याच्या दिवसांत मी शेजारच्या बागेत पेट्या भरायला जायची. खाली पेंढा, वर आंबा, पुन्हा पेंढा. तुझं अंग सकाळपासून कढत होतं, नाक वाहत होतं. घरी ठेवायला कोणी नाही, कारण आजीही पेट्या भरायला. म्हणून तुला मांगरात आणलं. मांगर म्हणजे बागेतली ती आंबे ठेवायची खोप, तुला आठवत असेल. तिथे पेंढ्यावर तुला निजवली, आणि आजीने वरून गोधडी घातली. त्यावर दुसरी घातली. ताप घामाने उतरतो हे तिला तिच्या आईने सांगितलेलं, मला माझ्या आईने सांगितलेलं. त्यात चूक काय ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

तू रडली असतीस तर मी इतकी घाबरले नसते. रडणारं पोर म्हणजे जिवंत पोर. पण आवाज आला तो पेंढ्याचा. सळसळ, सळसळ, एका तालात. मला वाटलं उंदीर. वळून बघते तर तुझे हातपाय उडतायत, डोळ्यांतलं काळं दिसत नाही, तोंडाला फेस.

मांगरात जितकी माणसं तितके उपाय. आजीने कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी म्हणालं चप्पल हुंगवा, आणि एकाने खरंच पायातली काढून पुढे केली. बागवाल्याने किल्ल्यांचा जुडगा तुझ्या मुठीत कोंबला. एक बाई म्हणाली पाणी पाजा, दुसरी म्हणाली अजिबात पाजू नका, आणि दोघींची त्यावरून जुंपली. मी काय केलं माहीत आहे? मी हातातला आंबा घट्ट धरून उभी होते. कोणीतरी तो माझ्या हातून काढून घेतला आणि तुला माझ्या मांडीवर दिलं. तोवर थांबलं होतं. कांद्याने, चपलेने, किल्ल्यांनी की आपलं आपण, देवाला ठाऊक. तिघेही पुढे कित्येक वर्षं सांगत होते की आपल्यामुळेच.

पेट्यांचा टेम्पो रत्नागिरीला निघायचाच होता. ड्रायव्हरने पेट्या तशाच अर्ध्या ठेवल्या आणि आम्हाला बसवलं. तुझी आजी पुढे, मी तुला घेऊन पेट्यांच्या मध्ये. तू झोपलीस ती अशी की हलवलं तरी उठेनास. झोप आहे की दुसरं काही, ते मला कळेना. मी सारखी तुझ्या नाकाखाली बोट धरायची.

डॉक्टर लहान मुलांचा होता, तरणा, बोलायला भराभर. त्याने तुला बघितलं, कान बघितले, घसा बघितला, आणि विचारलं, "याआधी कधी झालं होतं असं?"

आजी म्हणाली, "नाय. कधीच नाय."

मी म्हटलं, "हो. एकदा."

डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागला. आजी माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी चावडीवर तिच्याविरुद्ध साक्ष दिली. पण मला खरंच आठवत होतं. तुला दात येत होते तेव्हा, तू पाळण्यात असताना, एकदा डोळे फिरवले होतेस. तेव्हाही अंग गरम होतं. क्षणभरच. आजी तेव्हा म्हणाली होती, दातांनी होतं असं, पोरं जीव खातात. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि विषय संपला.

डॉक्टरने विचारलं, "हात-पाय उडाले होते?"

मला आठवेना. "पाय... थोडेसे," मी म्हटलं.

"किती वेळ?"

आता किती वेळ! पोराचे डोळे फिरलेले असताना आई घड्याळ बघते का गो? आणि घड्याळ तरी होतं कुठे घरात, तुझ्या बाबांच्या मनगटावर होतं, ते मुंबईला. मी म्हटलं, "असेल थोडा वेळ."

"म्हणजे दोनदा झालं," डॉक्टर म्हणाला. "मग आपण रोजची गोळी सुरू करू. संध्याकाळी एक. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत. मध्ये बंद करायची नाही. आणि ताप आला की पांघरूण घालायचं नाही, उलट कपडे काढायचे आणि ओल्या फडक्याने अंग पुसायचं."

त्या गोळीचं एक वेळ आजीने ऐकून घेतलं असतं, पण ओलं फडकं ऐकल्यावर ती खुर्चीतून उठलीच. "तापलेल्या पोरावर पाणी? मारायचं हाय काय माझ्या नातीला?"

यष्टीत बसल्यावर घरापर्यंत ती एकच बोलली. "तुला कोणी सांगितलं होतं हो म्हणायला? एकदाच झालं म्हटलं असतंस तर नुसती ताप उतरायची बाटली देऊन सोडलंन असतं."

मला वाटायचं, ती भांडकुदळपणाने बोलते. पुढे कळत गेलं की तिचं म्हणणं अगदी बरोबर असावं. आणि बरोबर नसावं असंही कधी कधी वाटतं. तेच तर सांगते आहे.

तर गोळी सुरू झाली. मधात चेचून द्यायची. तू थुंकायचीस, मी पुन्हा भरवायची. आणि त्या गोळीने तू मवाळ झालीस. आधी कोंबडीच्या मागे अंगणभर धावणारी पोर, ती पायरीवर बसून कोंबडीकडे नुसती बघायला लागली. जेवता जेवता झोपायचीस. आणि मधूनच काय व्हायचं कुणास ठाऊक, अशी चिडायचीस की आजीच्या हाताला चावलीस एकदा. आजीने तो दाताचा वळ शेजारणींना दाखवला. "बघा, औषध चावलं मला."

मी काय समजू यातून? फिट आली नाही, म्हणजे गोळी लागू पडली. की मुळात येणारच नव्हती? आणि माझी पोर कुठे गेली ती धावणारी? डॉक्टरला विचारायला तोंड होत नव्हतं. तेव्हा डॉक्टरला असं विचारत नसत. तो सांगणार, आपण मान हलवणार, आणि दाराबाहेर आल्यावर एकमेकींना विचारणार, "काय म्हणाला गो तो?"

गणपतीला तुझे बाबा आले. तुला मांडीवर घेऊन बसले, तू त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात धरून झोपलीस. मी सगळं सांगितलं. आजीने सगळं सांगितलं. दोन्ही ऐकून घेतलं त्यांनी. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हिच्या लग्नाचं काय होणार?" अडीच-तीन वर्षांच्या पोरीचं! मी म्हटलं, "आधी तिचं दूधभाताचं बघूया का?" तर हसले, पण डोळे ओले होते. त्यांना भीती वाटत होती गो, आणि पुरुषाला भीती सांगता येत नाही म्हणून तो लग्नाचं बोलतो. जाताना म्हणाले, "तुम्ही दोघी काय ते बघा. पण कोणाला बोलू नका." म्हणून फिट हा शब्द आपल्या घरातून गेला. आम्ही "तिचं ते" म्हणायचो. तुला कळलं नाही ते त्यामुळे. पुढे तुझं ते राहिलं नाही, आणि बोलायचंही राहूनच गेलं.

बाबा गेल्यावर आजी म्हणाली, "आपण देवाला विचारू."

आपल्या ग्रामदेवाचा कौल तू लहानपणी बघितला असशील, पण आता विसरली असशील, म्हणून सांगते. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालतो, आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, सोयरीक करायची की नाही, सगळं गाव तिथेच विचारायचं. मीही विचारायची. आजही नाही म्हणणार नाही.

देवळात गेलो. तू माझ्या कडेवर. गुरवाने कळ्या लावल्या, नारळ पुढे ठेवला आणि आजीला म्हणाला, "हां, काय विचारायचं?"

आजीने हात जोडले. वाटेत सगळं घोकून आली होती ती, गोळी चालू ठेवावी का बंद करावी असं विचारायचं म्हणून. पण देवासमोर उभी राहिली आणि सगळं विसरली. तोंडातून निघालं ते एवढंच, "माझी नात बरी होईल ना रे?"

गुरवाने तेच गाऱ्हाणं घातलं. "होय महाराजा" म्हटलं आम्ही. आणि कळी पडली. उजवी. पडली ती अगदी टपकन, विचारायचा अवकाश.

आम्ही दोघी रडलो. तू टाळ्या वाजवल्यास. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आम्ही दोघी इतक्या सुखात होतो की विचारू नको. आणि शेवटच्या पायरीवर आजी म्हणाली, "झालं तर मग. आता गोळी बंद."

"बंद का?" मी म्हटलं. "देव म्हणाला बरी होईल. म्हणजे गोळीने बरी होईल. चालू ठेवायची."

"देवाने बरी करायची घेतलीन अंगावर, मग गोळी कशाला? देवावर भरोसा नाय तुझा?"

"भरोसा आहे म्हणून तर. त्यानेच डॉक्टरकडे पाठवलं असेल."

"त्याने टेम्पोत बसवलं काय तुला?"

"मग बसवलंच असेल!"

उभ्या वाटेत आमचं भांडण. एकच कळी, एकच देव, आणि दोघी अगदी त्याच्याच आज्ञेने उलट्या दिशांना तोंड करून उभ्या. मी परत वर गेले, गुरवाला म्हटलं, "अहो, पुन्हा एकदा विचारता का? गोळीचं विचारायचं राहिलं." तो कळ्या गोळा करत होता. म्हणाला, "वहिनी, एकदा त्याने हो दिलंन ना? आता त्याच गोष्टीला पुन्हा कौल नाय लावत. त्याला वाटेल आपलं ऐकलंच नाय."

खरं आहे. मलाही कोणी तेच दोनदा विचारलं की राग येतो.

घरी आलो तर संध्याकाळ झाली, गोळीची वेळ. मी डबा काढला. आजी समोर येऊन बसली, पानाचं तबक घेऊन. मला वाटलं आता डबा ओढणार. तिने हात पुढे केला, गोळी घेतली, अडकित्त्यात धरली आणि कट् करून कापली. सुपारी कापावी तशी, बरोबर मधोमध. एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. दुसरा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी.

"अर्धं डॉक्टरचं, अर्धं देवाचं," म्हणाली. "आता कोणाचा मान मोडला नाय."

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातला तुकडा तुला प्रसाद म्हणून द्यायचा, तिसऱ्या दिवशी नवी गोळी कापायची. असा क्रम सुरू झाला. मला ते पटलं का? पटलं नाही. चूक वाटलं का? तसंही ठाम वाटलं नाही. अर्ध्या गोळीवर तू पुन्हा कोंबडीच्या मागे धावायला लागलीस, हे मी बघत होते ना! जेवताना झोपेनाशी झालीस. एकदा कोंबडीला आंब्याच्या पेटीत कोंडून वर चढून बसलीस, तेव्हा मला इतका आनंद झाला की तुला मारायचं विसरले. म्हटलं, असेल म्हातारीचं बरोबर. आणि मग संध्याकाळी अडकित्त्याचा कट् आवाज आला की डॉक्टर आठवायचा. डॉक्टरने मध्ये बंद करू नका म्हटलं होतं. अर्धी म्हणजे बंद का? की चालू? कोणाला विचारणार?

असा पावसाळ्यानंतरचा सगळा काळ गेला. तुझं अंग जरा कोमट लागलं की आमचं युद्ध. मी ओलं फडकं कपाळावर ठेवायची, ती काढून गोधडी ओढायची. मी गोधडी काढायची, ती फडकं. शेजारीण म्हणायची, "पोरीला तापाने नाय, तुमच्या ओढाताणीने फिट येईल एखादे दिवशी."

आणि शिमगा आला. आपल्या घरी पालखी यायची तो दिवस. बाबा आलेले, अंगण सारवलेलं, ढोल वाडीच्या वळणावर वाजतायत. तू सकाळपासून कुरकुरत होतीस. दुपारी पालखी अंगणात आली तोवर तू निखाऱ्यासारखी झाली होतीस. आजी ओटीचं ताट घेऊन दारात, नवी साडी, डोक्यावर पदर. मी तुला घेऊन आत, फडकं पिळत. ढोलांच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि माझ्या हातात तुझं अंग ताठ झालं.

मी ओरडले असेन. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही. पण तुझ्या आजीने वळून बघितलं.

आता तू विचार कर. देव अंगणात, खांद्यावर नाचतोय, वर्षातून एकदा दारात येणारा. सगळी वाडी बघतेय. ओटी तिच्या हातात. तिने ताट तिथेच उंबऱ्यावर ठेवलं आणि देवाकडे पाठ करून आत आली. बसली माझ्या शेजारी जमिनीवर. कांदा आणला नाही, चप्पल आणली नाही. माझ्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि तुझं अंग पुसायला लागली. छाती, काखा, पाय. डॉक्टरने सांगितलं होतं अगदी तसं. सगळं लक्षात ठेवलं होतं तिने, एकेक शब्द. तोंडाने पुटपुटत होती, "हो म्हणालास ना रे. हो म्हणालास ना."

थांबलं. तू झोपलीस. बाहेर ढोल चालूच होते. बाबांनी ओटी भरली म्हणे, पालखीच्या चुकीच्या बाजूला उभं राहून.

रत्नागिरीला त्याच डॉक्टरकडे गेलो. या वेळी तिघं. त्याने विचारलं, "गोळी नियमित देता ना?"

मी तोंड उघडणार तोच आजी म्हणाली, "देतो तर. एक दिवस चुकवला नाय."

"रोज एक?"

"रोज अर्धी."

डॉक्टरने चष्मा काढला. "अर्धी कोणी सांगितली?"

"देवाने."

"आणि मी किती सांगितली होती?"

"तुम्ही एक सांगितलीत," आजी म्हणाली. "त्याने काहीच नाय सांगितली. म्हणून मध्ये अर्धी."

डॉक्टर हसला नाही, पण त्याची मान खाली गेली आणि खांदे हलले. मग मात्र त्याने चांगलं झापलं आम्हाला, बाबांसकट. बाबा भिंतीवरचं पोलिओचं चित्र वाचत उभे होते, जसं काही आमच्याबरोबर आलेच नाहीत. झापून झाल्यावर मी पहिल्यांदा धीर करून विचारलं, "डॉक्टर, अर्धी दिली म्हणून आली का हो?"

त्याने जरा विचार केला. म्हणाला, "तसं नक्की म्हणता येत नाही. ताप जोराचा असला तर पूर्ण गोळीवरही येते कधी कधी."

"मग पूर्ण कशाला?" आजी म्हणाली.

"येण्याची शक्यता कमी होते म्हणून."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाय," आजी म्हणाली. पण भांडायला म्हणून नाही म्हणाली ती. जरा आधार मिळाल्यासारखी म्हणाली. इतके दिवस तिला वाटत होतं की फक्त आपल्यालाच ठाऊक नाही.

त्या संध्याकाळपासून पूर्ण गोळी. अडकित्ता फक्त सुपारीला. पण गोळी आधी देव्हाऱ्यात दाखवायची आणि मगच तुला द्यायची, हे तिने सोडलं नाही, आणि मीही सोडवलं नाही.

मग ते पुन्हा आलं नाही. ताप आले, गोवर येऊन गेला, पण ते आलं नाही. शाळेत गेलीस. बाई म्हणायच्या, मुलगी शांत आहे, वर्गात पेंगते. मी म्हणायची, रात्री उशिरा झोपते. सहा वर्षांची झालीस तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आता हळूहळू बंद करू. एकदम नाही करायची."

"मग कशी?" मी विचारलं.

"आधी काही दिवस अर्धी द्या."

तुझ्या आजीचा चेहरा काय झाला ते मला लिहिता येणार नाही. दवाखान्यात गप्प राहिली, हे तिचं मोठेपण. पण बाहेर पडल्याबरोबर रस्त्यातच थांबली. "मी काय सांगत होते? आला की नाय शेवटी माझ्या वाटेवर?" आणि घरी जाऊन अडकित्ता घासून पुसून काढला. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची की डॉक्टर शिकला तो माझ्याकडून. त्याला वेळ लागला फक्त.

तर हे असं झालं गो. आता तू मला विचारतेस, मला गोळी का होती? एका बाजूने उत्तर सोपं आहे. डॉक्टरने विचारलं आधी झालं होतं का, आणि मी हो म्हटलं. त्या माझ्या एका हो वर तुझी ती सगळी वर्षं गेली. पाळण्यात तू डोळे फिरवलेस ते खरं तेच होतं, की तुझी आजी म्हणाली तसे नुसते दात? मी कितीदा तो पाळणा डोळ्यांसमोर आणते. कधी तुझे पाय उडताना दिसतात, कधी दिसत नाहीत. जितकं आठवायला जाते तितकं मीच त्यात घालते आहे असं वाटतं. मी नाही म्हटलं असतं, तर तू वर्गात पेंगली नसतीस. की कुठे विहिरीवर, झाडावर असताना ते आलं असतं तुला? हे कोण सांगणार? डॉक्टर सांगू शकला नाही. देवाला आम्ही धड विचारलं नाही.

म्हणून परवा तू "हो की नाही" म्हटलंस, आणि माझी जीभ अडकली. पुन्हा एका डॉक्टरसमोर, पुन्हा एका पोरासाठी, माझ्या तोंडून एकच शब्द हवा होता. हो म्हटलं आणि त्या पोराच्या मागे काही लागलं तर? नाही म्हटलं आणि डॉक्टरने सांभाळायचं ते सांभाळलं नाही तर? मी दोन्ही म्हटलं. दोन्ही खरं होतं.

आता शांत डोक्याने सांगते, ते तुझ्या डॉक्टरला सांग. अंगात ताप असताना दोनदा नक्की, आणि पाळण्यातलं एकदा, त्याची खात्री नाही. खात्री नाही हेही सांग. आम्ही ते सांगितलं नव्हतं. खात्री नाही हे डॉक्टरला सांगता येतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तो गोळी नको म्हणतो तर नको. तो जास्त शिकलेला आहे आणि काळही पुढे गेला आहे. तरी माझ्या मनात येतंच की तेव्हाचाही डॉक्टर इतक्याच ठामपणे म्हणाला होता. बघ, माझं काही खरं नाही. तू त्याचंच ऐक.

आणि नुसती फोनवर काळजी करत बसू नको. पोराला घेऊन ये इकडे. त्याला अंगणात सोड, कोंबडी आहे अजून एक, तिच्या मागे धावू दे. ताप आला तर आपण दोघी असू, फडकं कोणी पिळायचं यावर भांडू. वाटलं तर देवळातही जाऊ, गुरवाचा मुलगा आता कौल लावतो. फक्त या वेळी नेमकं काय विचारायचं ते आपण आधी पायरीवर बसून ठरवू, आणि मगच आत जाऊ. मला एकटीला ते ठरवता येत नाही गो. म्हणून ये. येत्या शनिवारच्या गाडीलाच बस.